सातपुड्यातला रेडिओ डिजिटल होईल?

केळीच्या बागेत रेडिओ ऐकणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: खरखर वाढली की संच जरा फिरवायचा. मध्यम लहरीच्या (मीडियम वेव्हच्या) संचात फेराइट या चुंबकीय पदार्थाची काळी कांडी असते आणि तिच्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. हीच त्याची अँटेना. कांडीचं टोक ज्या दिशेला असेल, तिकडून आलेली लहर ती जवळजवळ पकडतच नाही, म्हणून संच फिरवला की खरखर दबते. आता मात्र ती चहूबाजूंनी येते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर! मध्यम लहरीवरच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे एएममध्ये, आवाज लहरीच्या कमी-जास्त होणाऱ्या उंचीत भरलेला असतो. कुठेही ठिणगी उडाली की तिचा उपद्रव त्याच उंचीत मिसळतो.

मग एफएमच का नको? एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची, ती बरीचशी सरळ रेषेत जाते. धडगाव-अक्कलकुव्याकडे डोंगर आडवा आला की तिची वाट अडते. जळगाव आकाशवाणीची 963 किलोहर्ट्झची लहर 311 मीटर लांब. ती जमीन धरून चालते, टेकड्यांना वळसा घालते. अशा मुलखात मध्यम लहर मोडीत काढणं मला अजिबात पटत नाही.

ती सुधारण्याचं तंत्र तयार आहे: डिजिटल रेडिओ मोंडियाल, म्हणजे डीआरएम. यात आवाजाचे आकडे करून ते एकाच वाहिनीतल्या शे-दोनशे बारीक लहरींवर विखुरतात. एखादी लहर खरखरीत बुडाली तरी बाकीच्यांवरून मूळ आकडे पुन्हा जुळवता येतात. रात्री आकाशातून परतलेली लहर जमिनीवरच्या लहरीत मिसळून आवाज वर-खाली होतो, तो त्रासही बराच कमी होतो. शिवाय वीज वाचते. एएममध्ये लहरीत आवाज पूर्ण क्षमतेने भरला तरी दोन तृतीयांश शक्ती नुसत्या वाहक लहरीत जाते, आणि तिच्यात आवाज नसतोच.

मला सर्वांत मोलाची वाटते ती आपत्कालीन सूचनेची सोय. हतनूर धरणाचे दरवाजे उघडून तापीत पाणी सोडलं, तर डीआरएमवर दुसरा कार्यक्रम ऐकणारा संच आपोआप इशाऱ्याकडे वळवता येतो, पडद्यावर मजकूरही दाखवता येतो.

आकाशवाणीने देशात मध्यम लहरीचे 35 प्रक्षेपक डीआरएमसाठी सज्ज केले आहेत. घोडं अडलंय संचापाशी. नव्या गाड्यांपैकी अनेकींत डीआरएम आहे, पण शेतात न्यायचा संच साध्या रेडिओपेक्षा बराच महाग पडतो. तो मजुराच्या खिशाला परवडेपर्यंत दोन्ही प्रक्षेपणं शेजारी-शेजारी चालवावीत. त्याला आणखी एक कारण आहे. जुना एएम दूर गेल्यावर हळूहळू क्षीण होतो, खरखरीतूनही शब्द कळतात. डिजिटल मात्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ ऐकू येतो आणि पुढे एकदम गप्प होतो. ही मर्यादा सातपुड्याच्या कोणत्या पाड्यापर्यंत पोहोचते, हे संच घेऊन, दिवसा आणि रात्री, तिथे जाऊनच मोजायला हवं. जुनं प्रक्षेपण बंद करायचा निर्णय त्यानंतरचा.