विचारून झाल्यावर तीन सेकंद

मीटिंग संपत आलेली असते. नवा मॅनेजर लॅपटॉप अर्धा मिटतो आणि विचारतो, "कुणाला काही अडचण? नाही ना? चला मग." 'अडचण' आणि 'नाही ना' यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकीही फट नसते. टेबलाच्या टोकाला बसलेली मुलगी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात सगळे खुर्च्या सरकवतात. तीही वही मिटते आणि उठते. चार दिवसांनी, डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी, तीच अडचण बाहेर येते. मॅनेजर वैतागतो, "तेव्हाच का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं ना!"

विचारलं होतं, हे खरंच आहे. मी पहिल्यांदा टीम सांभाळायला लागलो तेव्हा माझंही असंच चालायचं. वर मी स्वतःला फार मोकळ्या स्वभावाचा समजायचो.

ही फट किती असते, हे संशोधकांनी मोजलेलं आहे. टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं तपासली. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. म्हणजे पापणी लवेस्तोवरचा वेळ. गंमत अशी की एखादा साधा शब्द मनात शोधून ओठांवर आणायलाच मेंदूला ६०० मिलिसेकंदांच्या घरात वेळ लागतो. तेव्हा समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपण आपलं उत्तर जुळवत असतो. गप्पांमध्ये हे बिनबोभाट जमतं. पण 'माझा अंदाज चुकला, तारीख गाठता येणार नाही' हे वाक्य असं तयार नसतं. ते सांगावं का, सगळ्यांसमोर सांगावं का, याचा आधी मनात हिशोब होतो. तोवर प्रश्न विचारणाऱ्यालाच शांतता बोचायला लागते आणि तो ती स्वतःच भरून टाकतो.

अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमध्ये नेमकी हीच शांतता मोजली. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली, तर उत्तरं लांबली, आपणहून बोलणारी मुलं वाढली, आणि जी मुलं 'ढ' म्हणून सोडून दिलेली होती तीही बोलू लागली. वर्ग म्हणजे ऑफिस नव्हे, हे मान्य. पण विचारणाऱ्याच्या हाती मूल्यमापन आहे आणि उत्तर देणाऱ्याला त्याची जाणीव आहे, हे दोन्हीकडे सारखंच.

संशोधक एमी एडमंडसन यांना १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट दिसली. ज्या विभागांचं नेतृत्व आणि आपसातले संबंध चांगले, तिथे चुका कमी असतील असा त्यांचा कयास होता. आकडे उलटे आले. पुढे उलगडा झाला: त्या विभागांमध्ये चुका बोलून दाखवल्या जात होत्या, इतरत्र त्या झाकल्या जात होत्या. यातूनच पुढे 'मानसिक सुरक्षितता' ही संकल्पना उभी राहिली. शब्द जरा जड आहे. खरं बोललं म्हणून बोलणी खावी लागणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

मग हे सगळं कळूनही वळत का नाही? कारण बहुतेक ठिकाणी जो स्वतःचं काम झपाट्याने उरकतो त्यालाच मॅनेजर केलं जातं. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू यांनी २०१९ साली अमेरिकन कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, पण त्यांच्या हाताखाली आलेल्यांची कामगिरी मात्र घसरत होती. बढतीचं पत्र एका दिवसात हातात पडतं, हात मात्र जुन्याच वळणाने चालतात. कुणी 'हे अडलंय' म्हटलं की ते थेट कीबोर्डकडे जातात.

हे वळण मेंदूत कसं बसतं, ते एमआयटीतल्या ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगांत दिसलं. उंदीर चक्रव्यूहात वाट शिकत असताना मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम या भागातल्या पेशी संपूर्ण धावेत सक्रिय असत. वाट अंगवळणी पडल्यावर त्यांची लगबग मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी उरली. मधला सगळा प्रवास जणू एकच गाठोडं झाला. पुढचं निष्कर्ष म्हणून जास्त महत्त्वाचं: बक्षीस बंद केल्यावर हा आकृतिबंध विरला, पण बक्षीस परत येताच तोही परतला. जुनी सवय पुसली जात नाही, दबा धरून बसते. डेडलाइनच्या आठवड्यात आपण पुन्हा दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेतो, ते यामुळेच असावं असं मला वाटतं.

म्हणून 'आता मी लोकांचं ऐकून घेणार' हा संकल्प टिकत नाही. त्यात सुरुवात कुठून करायची तेच नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर 'असं झालं की मी असं करणार' अशा बांधणीचा निश्चय सुचवतात, आणि २००६ साली ९४ अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत तो चांगलाच परिणामकारक ठरला. माझा निश्चय असा होता: कुणी 'अडलंय' म्हणालं की दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवायचे, 'तू काय करून पाहिलंस?' असं विचारायचं आणि मनात तीन मोजायचे. हात मांडीवर ठेवणं हास्यास्पद वाटेल, पण सर्वात जास्त उपयोग त्याचाच झाला.

किती दिवस? २१ दिवसांत सवय लागते, ही गोष्ट विसरा. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना १२ आठवडे पाहिलं. सवय बसायला लागणाऱ्या काळाचा मध्यांक ६६ दिवस आला, आणि माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवसांचा (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे गणिताने काढलेले अंदाज). एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही दिसलं. मात्र त्या सवयी रोजच्या होत्या. तुमचा 'तीन सेकंदांचा' नेम आठवड्याच्या मीटिंगलाच जोडलात, तर ६६ वेळा व्हायला सव्वा वर्ष जाईल. रोज चारदा कानावर पडणारं वाक्य पकडा.

फीडबॅकबद्दल एकच सांगतो. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ साली जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी खालावलेली निघाली. लक्ष कामावरून हटून 'मी कसा आहे' याकडे वळलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. 'तू निष्काळजी आहेस' यापेक्षा 'या रिपोर्टमधली तिसरी बेरीज जुळत नाही' बरं.

पहिले काही दिवस तीन सेकंद फार लांब वाटतात. कुणी फोन पाहतं, कुणी खाकरतं. प्रश्नही बदलावा लागतो, कारण 'अडचण आहे का?' याला 'नाही' हे उत्तर तयारच असतं. मी 'या आठवड्यात कुठे अडकायला होईल?' असं विचारू लागलो. मनात एक, दोन, तीन. आणि टेबलाच्या टोकाकडून आवाज आला, "तसं काही नाही, पण एक छोटीशी गोष्ट होती..." ती छोटीशी गोष्ट ऐकायला त्या दिवशी चाळीस मिनिटं लागली.