साठीनंतर कळलेली स्वमग्नता: सोबत्यांच्या गटांची पार्श्वभूमी

आज ठाण्यात किंवा नवी मुंबईत तीन वर्षांच्या मुलाला स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान झालं, तर घरच्यांना धक्का बसतो, पण वाट सापडते. थेरपी सेंटर असतं, विशेष शाळा असते, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कुणीतरी घेतं. तेच निदान पासष्टाव्या वर्षी झालं तर? आईवडील बहुधा हयात नसतात, थेरपी सेंटरच्या भिंतींवर कार्टून रंगवलेली असतात, आणि आपल्यासारखा दुसरा माणूस भेटल्याचं त्या माणसाला आठवत नाही. ही पोकळी कशी तयार झाली, ते समजायला ऐंशी वर्षं मागे जावं लागतं.

अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी मुलांबद्दलच लिहिलं. दोघंही मुलांवर उपचार करणारे डॉक्टर होते, त्यामुळे ही लहानपणाची गोष्ट आहे असा समज घट्ट बसला. कॅनर यांच्या यादीतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट मात्र मोठा झाला, मिसिसिपीतल्या आपल्या छोट्या गावात बँकेत नोकरी करत राहिला, गोल्फ खेळला, जग फिरला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. गाव त्याला ओळखून होतं, म्हणून त्याचं निभावलं, असं मला वाटतं.

ॲस्पर्गर यांचं लिखाण जर्मनमध्ये होतं. त्याकडे इंग्रजी जगाचं लक्ष १९८१ साली लोर्ना विंग यांनी वेधलं. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि स्वमग्न मुलीच्या आईसुद्धा. नीट बोलणाऱ्या, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसातही स्वमग्नता असू शकते हे तिथून पुढे मान्य होत गेलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत हा प्रकार ‘ॲस्पर्गर विकार’ या नावाने १९९४ साली आला आणि २०१३ साली सगळे प्रकार एकाच वर्णपटाखाली (ऑटिझम स्पेक्ट्रम) आले.

या तारखा ठाण्यातल्या एखाद्या माणसाच्या आयुष्याशेजारी ठेवून बघाव्यात. १९५८ साली जन्मलेला मुलगा. तो चार वर्षांचा असताना एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. पुढे तिथल्याच एखाद्या कारखान्यात तो ड्राफ्ट्समन म्हणून लागला. ड्रॉइंगमधली सुताएवढी चूक त्याला दिसायची, पण कँटीनमध्ये तो एकटा जेवायचा. निदान-पुस्तिकेत त्याच्यासारख्यांची नोंद झाली तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता, वर्णपट आला तेव्हा पंचावन्न. तोवर लोकांनी त्याला विक्षिप्त, तिरसट, माणूसघाणा ही विशेषणं देऊन टाकली होती. आणि त्याच्या बायकोने तीस वर्षं प्रत्येक लग्नात त्याच्या वतीने माफी मागितली होती. इंग्लंडमधल्या २०२३ सालच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की तिथल्या पन्नाशीपुढच्या स्वमग्नांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांचं निदान झालेलंच नाही. आपल्याकडे कायद्यानेही उशीर केला. १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि दिव्यांग हक्कांच्या मुख्य कायद्यात थेट २०१६ साली.

संघटना उभ्या राहिल्या त्या पालकांच्या. ब्रिटनमध्ये १९६२ साली, दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ १९९१ साली. त्या आईवडिलांनी जे केलं त्याचं मोल कमी नाही. त्यांच्याशिवाय शाळा उघडल्या नसत्या. तरीही तिथे स्वमग्न माणूस हा चर्चेचा विषय असायचा, बोलणारा क्वचितच.

ते बदललं १९९२ साली, जिम सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्वमग्नांनी चालवलेलं ‘ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल’ सुरू केलं तेव्हा. १९९६पासून त्यांची निवासी संमेलनं भरू लागली. तिथला बिल्ल्यांचा रिवाज मला फार शहाणपणाचा वाटतो. छातीवर लाल बिल्ला असेल तर कुणीही बोलायला येऊ नये, पिवळा असेल तर फक्त ओळखीच्यांनी यावं, हिरवा असेल तर ‘मला बोलायचंय, पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा’. न बोलता स्वतःची अवस्था सांगायची सोय झाली आणि कुणाला उद्धट ठरायची भीती उरली नाही.

अशा सोबतीला संशोधनाचा आधार मिळाला तो २०२० साली. एडिंबरा विद्यापीठात कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट पुढे सरकवायची. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती तितकीच शाबूत राहिली, जितकी सगळे स्वमग्न नसलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र तपशील भराभर गळत गेले. म्हणजे संवादातली अडचण एकट्या स्वमग्न माणसाच्या माथी मारता येत नाही. आयुष्यभर ती ज्याच्या माथी मारली गेली, त्याला साठीनंतर हे कळणं किती मोठं आहे!

ठाण्याला स्वमदत गटांची परंपरा नवी नाही. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेल्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्याच्या संस्थेने रुग्ण आणि नातेवाईक यांचे आधारगट इथे रुजवले. नवी मुंबईत पालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. पण संघाची नेहमीची सभा आठवून बघा. खरखरणारा माईक, झगझगीत ट्यूबलाइट, महिन्याच्या वाढदिवसांच्या टाळ्या, ‘काका, तुम्ही पण दोन शब्द बोला’ हा आग्रह, चहाच्या वेळी एकदम उसळणारा गलका. आपुलकीनेच चाललेलं असतं सगळं. तरी आवाज आणि उजेड अंगावर येणारा माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि नोकरी सुटल्यावर दिवसाची बांधणीही सुटलेली असल्याने घरातच मिटत जातो.

आपल्याकडे प्रौढ स्वमग्नांची गाठभेट बरीचशी ऑनलाइन होते, तीही बहुतेक इंग्रजीत आणि तरुणांमध्ये. मराठीत, जवळपास, समवयस्कांचा गट हवा असेल तर फार काही लागत नाही. विरंगुळा केंद्राची दुपारची रिकामी वेळ, माईक बंद, निम्मे दिवे बंद. काय होणार, किती वाजता संपणार, हे दोन दिवस आधी लेखी कळवायचं. बोलण्याची सक्ती नको. कुणाला रेल्वेच्या वेळापत्रकांवर अर्धा तास बोलायचं असेल तर बोलू द्यावं, कुणाला कोपऱ्यात शब्दकोडं सोडवत नुसतं बसायचं असेल तर बसू द्यावं. सुरुवात तीन-चार जणांपासूनही होऊ शकते, आणि गट कसा चालवायचा हे त्यांनीच ठरवायचं.