इ.स.पू. १४० चे दशक

इ.स.पू. १४९ ते १४० या दहा वर्षांत भूमध्य समुद्राच्या पश्चिम व मध्य भागात रोमला तोडीस तोड असा प्रतिस्पर्धी उरला नाही. इसवी सनापूर्वीची वर्षे उलटी मोजली जात असल्याने दशकाचा आरंभ १४९ ने होतो.

त्याच वर्षी तिसरे प्यूनिक युद्ध, म्हणजे रोम आणि उत्तर आफ्रिकेतील कार्थेज हे नगरराज्य यांच्यातील तिसरे युद्ध, सुरू झाले. कार्थेजची सत्ता त्याआधीच खिळखिळी झाली होती. दुसऱ्या युद्धानंतर लादलेली दहा हजार टॅलेंट (वजनाचे प्राचीन माप) चांदीची खंडणी पन्नास वर्षांच्या हप्त्यांनी नुकतीच फिटली होती आणि रोमच्या परवानगीविना लढण्यास तिला मनाई होती. शेजारच्या न्यूमिडियाचा राजा मॅसिनिसा तिचा मुलूख कुरतडत असताना तिने अखेर प्रतिकार केला, आणि तहभंगाचे हे निमित्त रोमला पुरेसे झाले. कार्थेजने तीनशे ओलीस दिले व शस्त्रेही हवाली केली; मात्र नगर सोडून समुद्रापासून सुमारे पंधरा किलोमीटर आत वसण्याची आज्ञा येताच, व्यापारावर जगणाऱ्या त्या नगराने दरवाजे लावून घेतले. धोंडे फेकणाऱ्या यंत्रांच्या दोरांसाठी स्त्रियांनी आपले केस कापून दिल्याचे प्राचीन इतिहासकार सांगतात.

वेढा तीन वर्षे चालला. रोमन सेनापती सिपिओ एमिलियानसने समुद्रात भराव घालून बंदराचे तोंड बुजवले, तेव्हा कार्थेजवासीयांनी दुसरीकडून नवे तोंड खणून त्यातून नवे आरमार बाहेर काढले. पण ते निर्णायक ठरले नाही. इ.स.पू. १४६ च्या वसंतात रोमन सैन्य आत घुसले आणि नगराचा बालेकिल्ला असलेल्या बिर्सा टेकडीकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्यांतील उंच घरे एकेक करून लढत, जाळत सहा दिवस पुढे सरकत राहिले. शरण आलेले सुमारे पन्नास हजार लोक गुलाम झाले. या वेळी सिपिओसोबत असलेल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने, जळते नगर पाहताना सेनापतीला रोमच्या भवितव्याची आठवण होऊन अश्रू आल्याचे नोंदवले आहे. जमिनीत मीठ पेरल्याची लोकप्रिय कथा मात्र एकाही प्राचीन ग्रंथात नाही; ती आधुनिक काळातील भर आहे. कार्थेजची ग्रंथालये रोमने आफ्रिकी राजांना वाटून टाकली. मागो या कार्थेजच्या लेखकाचा अठ्ठावीस खंडांचा शेतीविषयक ग्रंथ तेवढा सिनेटने लॅटिनमध्ये उतरवून घेतला.

ग्रीसमध्ये मॅसिडोनियाच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या अँड्रिस्कसचा इ.स.पू. १४८ मध्ये पिडना येथे पराभव झाला व तो मुलूख रोमचा प्रांत बनला. कार्थेज पडले त्याच वर्षी अकीअन संघ या ग्रीक नगरराज्यांच्या संघाविरुद्धच्या युद्धात रोमन सेनापती मुम्मिअसने कॉरिंथ नगर लुटून उद्ध्वस्त केले. सैनिक चित्रफलकांवर फासे खेळत होते, असा पॉलिबियसचा दाखला आहे. ही दोन्ही नगरे पुन्हा वसवण्याचा निर्णय शंभर वर्षांनी ज्युलिअस सीझरने घेतला.

इबेरियात (आजच्या स्पेन-पोर्तुगालमध्ये) मात्र रोमला घाम फुटला. तेथील लुसितानी जमातीचा नेता विरिआथस गनिमी काव्याने सेनापतीमागून सेनापती हरवत राहिला, आणि १४० मध्ये रोमने त्याच्याशी तह केला. तो टिकला नाही.

पूर्वेकडील घडामोडी रोमच्या सावलीत झाकल्या जातात. इ.स.पू. १४५ मध्ये इजिप्तचा सहावा टॉलेमी सीरियातील लढाईत जखमी होऊन मरण पावला. त्याचा भाऊ गादीवर येताच अलेक्झांड्रियातील विद्वानांची पांगापांग झाली. १४२ मध्ये यहुदी नेता सायमनने सीरियावर राज्य करणाऱ्या सेल्युसिड या ग्रीक राजवंशाच्या राजाकडून करमाफी मिळवली, तर पुढच्याच वर्षी इराणमधील पार्थिया राज्याच्या पहिल्या मिथ्रिडेटिसने बॅबिलोनिया जिंकून त्या राजवंशाचा सर्वांत सुपीक प्रदेश काढून घेतला.