ग्रुपवेअर : मोठ्या संस्थांतील नियोजन आणि अंमलबजावणी

एकाच कामात गुंतलेल्या अनेक माणसांचे निरोप, कागद, तारखा आणि निर्णय एका जागी आणून त्यांना मिळून काम करता यावे, यासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीला ग्रुपवेअर म्हणतात. ईमेल, सामाईक कॅलेंडर, दस्तऐवजांचे भांडार, चर्चेचे गट, व्हिडिओ बैठक आणि टिपणीपासून मंजुरीपर्यंत फाईल पुढे सरकवणारी व्यवस्था हे तिचे नेहमीचे घटक होत. दहा-बारा माणसांच्या कचेरीत अशी प्रणाली दोन दिवसांत सुरू होते. शेकडो कर्मचारी, गावोगावच्या शाखा आणि अधिकाराची उतरंड असलेल्या संस्थेत मात्र सॉफ्टवेअर बसवणे हा कामाचा लहान भाग असतो. कोणता कागद कोणाकडून कोणाकडे जातो आणि तो का अडतो, हे समजून घेणे हा मोठा भाग असतो. साखर कारखाने, दूध संघ, जिल्हा बँक, विद्यापीठ आणि औद्योगिक वसाहती एकाच जिल्ह्यात असल्यामुळे कोल्हापूर या विषयाच्या अभ्यासाला सोयीचे आहे.

या कल्पनेची सुरुवात अमेरिकन संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या ९ डिसेंबर १९६८ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रात्यक्षिकापासून मानतात. त्यात दोन ठिकाणी बसलेल्या व्यक्तींनी पडद्यावरील एकाच मजकुरावर काम करून दाखवले. ‘ग्रुपवेअर’ हा शब्द पीटर व ट्रुडी जॉन्सन-लेन्झ या दांपत्याने १९७८ मध्ये घडवला. समूहाने विचारपूर्वक आखलेली कार्यपद्धती आणि तिला आधार देणारे सॉफ्टवेअर, अशी त्यांची व्याख्या होती. तिच्यातील कार्यपद्धतीचा भाग पुढे विक्रीच्या ओघात मागे पडला आणि ग्रुपवेअर म्हणजे केवळ सॉफ्टवेअर असा समज रूढ झाला. लोटस नोट्स १९८९ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज १९९६ मध्ये, अशी ग्रुपवेअरची साधने बाजारात आली. त्यानंतर ही साधने ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर आली.

प्रणाली का फसते, याचे सर्वांत उपयोगी उत्तर संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये दिले. माहिती भरण्याचे कष्ट एकाच्या वाट्याला आणि तिचा लाभ दुसऱ्याला, अशी मांडणी असेल तर कष्ट करणारा लवकरच माहिती भरायचे थांबवतो, हे त्यांचे म्हणणे होते. सामाईक कॅलेंडरमुळे बैठक बोलावणाऱ्या अधिकाऱ्याची सोय होते, पण ते रोज अद्ययावत ठेवण्याचे ओझे बाकीच्यांवर पडते. संशोधिका वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मोठ्या सल्लागार कंपनीत लोटस नोट्स आल्यानंतर काय घडले ते नोंदवले. तिथे बढतीसाठी सहकाऱ्यांत स्पर्धा होती आणि शिकण्यात गेलेला वेळ कोणत्याही ग्राहकाच्या खात्यावर टाकता येत नव्हता; त्यामुळे आपले ज्ञान सामाईक भांडारात ठेवण्यास फारसे कोणी पुढे आले नाही.

महाराष्ट्रातील सरकारी दप्तराला कागदाच्या शिस्तीची मोठी परंपरा आहे आणि नियोजनकाराने तिच्याकडे आदराने पाहावे. आवक-जावक नोंदवही, कार्यविवरण नोंदवही, टिपणी, त्यावरचा शेरा आणि ‘सहा गठ्ठा पद्धत’ या साऱ्यांतून सामूहिक कामच चालत आले आहे. सहा गठ्ठा पद्धतीत प्रकरण कोणत्या विषयाचे आहे यापेक्षा त्यावर आता काय करायचे आहे याला महत्त्व असते. कार्यवाही करायची प्रकरणे वेगळी, उत्तराची वाट पाहत असलेली वेगळी, ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रे वेगळी. नव्या प्रणालीत फाईलच्या अवस्था ठरवताना हीच विभागणी ठेवली, तर जुन्या कारकुनाला ती समजावून सांगावी लागत नाही. अभिलेखांचे अ, ब, क, ड हे वर्गीकरणही जसेच्या तसे घ्यावे. ‘अ’ वर्गातील कागद कायम जपायचा असतो, तर ‘ड’ वर्गातील वर्षभराने नष्ट करता येतो. संगणकावर जागा स्वस्त असली तरी सारे काही कायमचे साठवणे ही शिस्त नव्हे.

नियोजनाची पहिली पायरी म्हणजे प्रत्यक्ष कामाची पाहणी. साखर कारखान्याचे उदाहरण घेतल्यास उसाची नोंद, वजनकाट्यावरचे वजन आणि बिल हे व्यवहार कारखान्याच्या हिशेबप्रणालीत असतात. ग्रुपवेअरची गरज ठरलेल्या क्रमाबाहेर काही घडले की लागते. गाळप सुरू असताना रात्री मिल बंद पडली, तर अभियांत्रिकी विभागाने ती किती तासांची खोटी (काम थांबण्याचा काळ) आहे हे सांगायला हवे, शेतकी खात्याने तोडणी थांबवायला हवी, आणि हा निरोप त्या भागातील गट कार्यालयामार्फत शेतावरच्या चिटबॉयपर्यंत, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत, पोहोचायला हवा. नाहीतर तोडलेला ऊस फडात आणि यार्डात वाळत राहतो, वजन व साखरेचा उतारा घटतो आणि नुकसान शेतकऱ्याचेही होते. अशा निरोपाला पाठवल्याची वेळ, पाहिल्याची खूण आणि पुढे कोणी काय केले याची नोंद लागते. पाहणी करणाऱ्याने मुख्य कार्यालयात बसून तक्ते काढण्यापेक्षा एक रात्र गट कार्यालयात घालवली, तर प्रणालीत नेमके काय हवे ते त्याला दिसते.

आज हे काम बहुतेक ठिकाणी व्हॉट्सॲपच्या गटांवर चालते. ते वेगवान आहे, सर्वांना येते आणि त्याला प्रशिक्षण लागत नाही. त्यामुळे केवळ आदेश काढून ते थांबत नाही. अडचण निराळीच आहे. संस्थेचे निर्णय व्यक्तीच्या खासगी फोनमध्ये राहतात आणि माणूस बदलून गेला की त्याच्याबरोबर जातात. म्हणून नवी प्रणाली मोबाइलवर तितकीच हलकी चालली पाहिजे आणि गटात ठरलेली गोष्ट फाईलवर आणण्याची वाट एका टिचकीची असली पाहिजे.

कर्मचाऱ्यांच्या बदलीचा प्रश्न प्रणालीतील खात्यांच्या (अकाउंटांच्या) रचनेत आधीच सोडवावा लागतो. व्यक्तीचे खाते आणि पदाचे खाते वेगळे ठेवणे हा सर्वमान्य उपाय आहे. उदाहरणार्थ, बँकेच्या चंदगड शाखेच्या अधिकाऱ्याचा ईमेल पत्ता पदाच्या नावाने असतो. कार्यभार देताना जुन्या अधिकाऱ्याचे त्या पत्त्यावरील अधिकार काढून नव्या अधिकाऱ्याला जोडले जातात आणि प्रलंबित प्रकरणे त्याच पत्त्यावर राहतात. त्यासाठी कर्मचाऱ्यांची एकच अधिकृत सूची लागते. आस्थापना विभागाची यादी, पगारपत्रक आणि संगणक विभागाची यादी यांत नावे तीन तऱ्हेने लिहिलेली असतात. ती जुळवण्यात लागणारा वेळ वेळापत्रकात सहसा धरलेला नसतो.

मराठी मजकुराचा प्रश्न याहून चिवट आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीची आणि नंतरचीही कित्येक पत्रे श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत टंकलेली आहेत. पडद्यावर ती मराठी दिसतात, पण आत लॅटिन अक्षरांचे संकेत असतात, म्हणून शोधयंत्राला ती सापडत नाहीत. स्थलांतरापूर्वी त्यांचे रूपांतर करून नमुने डोळ्यांनी तपासावे लागतात. युनिकोडमध्येही पेच उरतोच. ‘दुसऱ्या’ या शब्दातील आडवा, अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलंत जोडून, किंवा साध्या ‘र’नंतर हलंत आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही रूपे सारखी दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘दुसऱ्या हप्त्याची मागणी’ असा शोध घेतल्यावर निम्मी पत्रे आली नाहीत, तर कारकून प्रणालीवरचा विश्वास सोडून पुन्हा कागदी नोंदवही उघडतो. दोन्ही रूपे एकच मानणारा शोध करारातच मागून घ्यावा आणि प्रणाली ताब्यात घेण्यापूर्वीच्या स्वीकृती चाचणीत हाच शब्द टंकून पाहावा.

सुरुवात कधी करायची, हे संस्थेचे कामाचे वर्ष ठरवते. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन झाले की कारखान्याला नवे काही शिकायला सवड नसते. त्यामुळे हंगाम संपल्यापासून पावसाळा सरेपर्यंतचा दुरुस्ती-देखभालीचा काळच योग्य. बँकेने मार्चअखेर टाळावी, शिवाजी विद्यापीठासारख्या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये संलग्न असलेल्या संस्थेने परीक्षा व निकालाचे महिने टाळावेत. दूध संघाला मोकळा हंगाम नसतो, कारण संकलन सकाळ-संध्याकाळ वर्षभर चालते. तिथे एकेक विभाग आणि एकेक शीतकरण केंद्र घेत जाणे भाग पडते.

पथदर्शी प्रयोगासाठी संगणक विभाग निवडण्याचा मोह टाळावा. तिथे सगळे जमते आणि त्यातून काहीच कळत नाही. ज्याच्या कामात तीन-चार विभाग येतात असा एखादा विषय, उदाहरणार्थ खरेदीची मागणी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्यावा. मागणी करणाऱ्या विभागाला आपला कागद कुठे आहे हे लगेच दिसले, तर माहिती भरणाऱ्यालाच लाभ मिळतो आणि ग्रुडिन यांनी दाखवलेली दरी तेवढी कमी होते.

त्यानंतरचा सर्वांत नाजूक टप्पा जुनी व नवी पद्धत समांतर चालण्याचा असतो. ईमेलच्या बाबतीत तो तांत्रिक आणि थोडक्यात आटोपणारा आहे: जुन्या टपालपेट्यांची प्रत आधी नव्या सर्व्हरवर आणतात, डोमेनच्या एमएक्स नोंदीचा (टपाल कोणत्या सर्व्हरवर जावे हे सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतर सर्व्हर किती वेळ जपून ठेवतात तो काळ, दोन-तीन दिवस अगोदर कमी करतात आणि सुट्टीच्या आदल्या रात्री नोंद बदलतात. फाईलच्या बाबतीत हा टप्पा लांबत जातो, कारण संगणकावर मंजुरी दिल्यावरही ‘एक प्रत काढून सही घ्या’ असे कोणीतरी वरून सांगतो. त्या दिवसापासून कारकुनाचे काम दुप्पट होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ मुळे इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला मान्यता आहे, आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४(१)(क) सार्वजनिक प्राधिकरणांनी अभिलेख सूचीबद्ध ठेवून योग्य ते संगणकीकृत करावेत असेच सांगते. तेव्हा कागदी प्रत बंद होण्याची तारीख कार्यकारी संचालकांच्या सहीने आधीच जाहीर करावी आणि त्यांनी स्वतः त्या तारखेपासून कागदावर शेरा लिहू नये. कर्मचाऱ्यांची आणि सभासदांची वैयक्तिक माहिती कोणाला दिसेल, हे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेऊन याच वेळी ठरवावे.

सर्व्हरची जागा हा कोल्हापुरात पावसाळ्याचा प्रश्न आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदी याच्या बरीच वर गेली, शहराच्या सखल भागांत पाणी शिरले आणि शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद पडला. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच पेठेतल्या दुसऱ्या इमारतीतील बॅकअप एकाच पाण्यात जाऊ शकतात, आणि महामार्ग बंद असताना पुण्याहून तंत्रज्ञ येऊ शकत नाही. म्हणून किमान एक प्रत जिल्ह्याबाहेर ठेवतात, आणि ती परत उभी करण्याची तालीम मे महिन्यात, नदीला पाणी कमी असतानाच, घेतात.