गोवर-रुबेला लस (एमआर लस)

गोवर-रुबेला लस, म्हणजे सगळे जिला एमआरचं इंजेक्शन म्हणतात ती, यात गोवर आणि रुबेला या दोन आजारांचे जिवंत पण कमजोर केलेले व्हायरस असतात. सरकारी दवाखान्यात आणि लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत ती फुकट मिळते, पहिला डोस ९ महिने पूर्ण झाले की आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या मधे, उजव्या दंडाला, कातडीखाली. भारतात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मधे मोठी मोहीम झाली तेव्हा १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत जाऊन दिली होती.

कमजोर व्हायरस शरीरात थोडासाच वाढतो, आजार करण्याइतका नाही पण शरीराला दखल घ्यावी लागेल इतका. मग पांढऱ्या पेशी कामाला लागतात, त्यातल्या बी पेशी अँटीबॉडी (व्हायरसला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं) बनवतात, टी पेशी व्हायरस शिरलेल्या पेशी मारतात, आणि काम संपलं की यातल्या काही पेशी तो व्हायरस लक्षात ठेवून वर्षानुवर्षं राहतात. पुढे खरा गोवर आला की त्या लगेच ओळखतात, आणि आजार जोर धरायच्या आत बंदोबस्त होतो.

९ महिन्यांच्या आधी एरवी का देत नाहीत? कारण आईच्या अँटीबॉडी नाळेतून बाळाकडे आलेल्या असतात आणि त्या लशीतल्या व्हायरसलाच संपवून टाकतात. ९ महिन्यांनाही काही बाळांत त्या थोड्या शिल्लक असतात, म्हणून पहिल्या डोसने साधारण ८५ टक्के मुलांनाच गोवरापासून संरक्षण मिळतं. दुसरा डोस मुख्यतः त्या राहिलेल्या मुलांसाठी असतो, आणि कोणतं मूल राहिलंय हे बाहेरून कळत नाही म्हणून तो सगळ्यांनाच द्यायचा, "एक झालाय ना, बास" असं अजिबात करू नये.

गोवर येऊन गेलेला बरा, अंगावर निघू द्यावा, असं अजूनही घराघरात ऐकू येतं. आता गोवर झाल्यावर गोवराची इम्युनिटी जन्मभराची मिळते हे खरं आहे, पण त्याची किंमत फार मोठी आहे. हा व्हायरस नेमका आठवण ठेवणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. २०१९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांचं गोवराच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तर बाकीच्या आजारांविरुद्धच्या अँटीबॉडी ११ ते ७३ टक्के नाहीशा झालेल्या. म्हणजे पुरळ जातं पण नंतर न्यूमोनिया, जुलाब यांचा धोका बराच काळ राहतो. लशीने ही आठवण पुसली जात नाही.

गोवराचा एक पेशंट लस नसलेल्या वस्तीत १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो, त्यामुळे साथ रोखायला ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात. २०२२ मधे मुंबईत गोवंडी भागात साथ आली आणि लहान मुलं दगावली, तेव्हा साथीच्या भागात जादा डोस द्यायची वेळ आली. रुबेला मुलांना तसा सौम्यच जातो, पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष होऊ शकतात.

सेफ्टीचं म्हणाल तर, दंड दुखणं आणि साधारण ६ ते १२ दिवसांनी ताप किंवा बारीक पुरळ येणं हे होतं, एवढ्या उशिरा ताप येतो कारण व्हायरसला वाढायला तेवढा वेळ लागतो. तापात झटका काही हजार मुलांत एखाद्याला येऊ शकतो. जोराची अ‍ॅलर्जी दहा लाखांत एखाद-दुसरी, पण ती बहुतेक वेळा लगेचच दिसते म्हणून अर्धा तास तिथेच बसायला सांगतात, घाई करून निघू नका. गरोदर बाई, प्रतिकारशक्ती फारच कमी असलेलं मूल, आधीच्या डोसला जोराची अ‍ॅलर्जी आलेलं मूल यांना ही लस देत नाहीत. साधी सर्दी किंवा बारीक ताप असला तर चालतं. लशीने ऑटिझम होतो ही भीती एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीवरच्या १९९८ च्या एका पेपरमुळे पसरली, तो पेपर २०१० मधे मागे घेतला गेला आणि डेन्मार्कमधे साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास झाला त्यात काही संबंध सापडला नाही.

खरी काळजी हाताळणीची घ्यावी लागते. ही लस पावडर असते, सोबत आलेल्याच द्रावणात मिसळायची, आणि मिसळल्यावर ४ तासांत वापरायची, उरली तर फेकायची, कारण त्यात जंतू वाढू न देणारं काही औषध नसतं आणि शिळ्या कुपीने जीवघेणं इन्फेक्शन होऊ शकतं. म्हणून सिस्टर कुपीवर उघडल्याची वेळ लिहितात, ती आईबापांनी बघायला मागितली तर त्यात काही गैर नाही. सुई-सिरिंज दर मुलाला नवी. आणि डोस वेळेत राहून गेला असेल तरी सरकारी कार्यक्रमात ५ वर्षांपर्यंत देतात, कार्ड घेऊन जायचं.