डार्क फँटसीतील सत्-असत् आणि इच्छास्वातंत्र्य

डार्क फँटसी हा भय आणि अद्भुत यांची सरमिसळ असलेला कथाप्रकार आहे. नेहमीच्या अद्भुतकथेत दुष्टशक्ती बहुधा बाहेर असते आणि नायकाने तिथवर जाऊन तिचा नाश करायचा असतो. या प्रकारात ती त्याच्या हातातल्या शस्त्रात, त्याने केलेल्या करारात, कधी रक्तातच असते. साहजिकच कोण जिंकले यापेक्षा ‘हे त्याने केले, की त्याच्याकडून करवले गेले?’ हा प्रश्न वाचकाला जास्त छळतो. मायकेल मूरकॉक यांच्या १९६१पासूनच्या कथांतला राजा एल्रिक जन्मतः अशक्त आहे. त्याला बळ देणारी काळी तलवार माणसांचे आत्मे पिते, आणि त्याची प्रेयसीही तिलाच बळी पडते. तलवार टाकायला त्याला कोणी अडवत नाही, पण ती टाकली की उभे राहायचे त्राण उरत नाही.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. इच्छा नसताना, कोणी बळेच ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो, असे अर्जुन गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारतो. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) कर्मविपाक (कर्माचे अटळ फळ) आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक सबंध प्रकरण लिहिले.

बडोद्याच्या मराठी माणसाला मात्र याहून जवळचे उदाहरण आहे, ते महाभारतातल्या नळराजाचे. रघुनाथ पंडिताचे नलदमयंती आख्यान मराठीतले, तर सतराव्या शतकातल्या, याच शहरातल्या प्रेमानंदाचे ‘नळाख्यान’ गुजरातीतले. प्रेमानंद माणभट्ट होता. माण म्हणजे तांब्याचा घडा; बोटांत अंगठ्या घालून त्यावर ठेका धरत आख्यान गायचे.

महाभारताच्या वनपर्वात कलियुगाचा अधिपती कली नळाला ग्रासायला बारा वर्षे संधीची वाट पाहतो. एका संध्याकाळी नळ लघुशंकेनंतर पाय न धुताच संध्येला बसतो आणि कली अंगात शिरतो. (‘अंगात कली संचारला’ हे आपण घरातल्या भांडणातही म्हणतो.) मग द्यूत, राज्यनाश, वनवास. आता दोष कोणाचा? न धुतलेल्या पायांची एवढी शिक्षा अन्यायाचीच वाटते.

पण या कथेचे खरे मर्म रानातल्या प्रसंगात आहे. झोपलेल्या पत्नीचे, दमयंतीचे, अर्धे वस्त्र कापून नळ निघतो, परततो, पुन्हा निघतो. कली एकीकडे ओढतो, स्नेह दुसरीकडे. त्याचे मन झोपाळ्यासारखे येत-जात होते, असे व्यास म्हणतात. बडोद्याच्या जुन्या घरात झोपाळ्यावर बसून ज्याने ही गोष्ट ऐकली, त्याला ही उपमा फोडून सांगावी लागत नाही. नळ शेवटी जातोच. तरीही त्या येरझाऱ्या कलीने घालायला लावलेल्या नाहीत. तेवढ्या नळाच्या स्वतःच्या आहेत. डार्क फँटसीतली उत्तम पात्रे अशाच येरझाऱ्यांत घडतात. जिथे शाप पात्राकडून सगळेच करवून घेतो, तिथे कथा कोरडी पडते.

पुढे राजा ऋतुपर्णाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, मिळताच कली नळाला डसलेल्या कर्कोटक नागाचे विष ओकत बाहेर पडतो. नळ शाप द्यायला सरसावतो, पण कलीने हात जोडताच राग आवरतो. या वेळी त्याला ओढणारे आत कोणीच नसते. कली जवळच्या बेहड्याच्या झाडात शिरतो. प्राचीन काळी द्यूताचे फासे याच झाडाच्या फळांचे असत.