'एज ऑफ किंग्ज' की 'वॉर्स ऑफ द रोझेस'?

हॅम्लेट मराठीत आगरकरांच्या 'विकारविलसित'मधून 1883 सालीच आला. शेक्सपिअरच्याच तीन भागांच्या 'हेन्री सहावा'ची ओळख मात्र शेक्सपिअर आवडीने वाचणाऱ्यांनाही जेमतेमच असते. नुसतं वाचून ते नाटक पचत नाही: सरदारांची ही गर्दी, त्यांच्या बदलत्या पदव्या, अंकागणिक फिरणाऱ्या निष्ठा. म्हणून बघायला जावं तर बीबीसीची दोन जुनी कृष्णधवल कामं समोर येतात, 1960चं 'ॲन एज ऑफ किंग्ज' आणि 1965चं 'द वॉर्स ऑफ द रोझेस'. दोन्हींत इंग्लंडच्या गादीवरून लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांची तीच भाऊबंदकी, शेवटी तोच तिसरा रिचर्ड. भरीला मायकेल हेज हे दिग्दर्शकही दोन्हीकडे आहेत, 1965मध्ये रॉबिन मिजली यांच्या जोडीने. त्यामुळे एकातलं दृश्य सर्रास दुसऱ्याच्या नावावर खपतं.

'एज ऑफ किंग्ज' ही टीव्हीसाठीच रचलेली मालिका. दुसऱ्या रिचर्डपासून तिसऱ्या रिचर्डपर्यंतची आठ नाटकं, 15 भाग, दर पंधरवड्याला एक. निर्माते पीटर ड्यूज. हे सगळं स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत होतं. वाक्य चुकलं तर चुकलं, रिटेक नाही. प्रक्षेपण फिल्मवर उतरवून घेतलं म्हणून आज ते बघता येतं. उनाड राजपुत्र आणि पुढे पाचवा हेन्री झालेला रॉबर्ट हार्डी, बाँड व्हायच्या दोन वर्षं आधीचा शॉन कॉनरी हॉटस्परच्या भूमिकेत, फ्रेंच राजकन्या कॅथरीन म्हणून तरुण ज्युडी डेंच. शब्द शेक्सपिअरचे, कात्री टीव्हीची.

ती कात्री सगळ्यात जोरात चालली 'हेन्री सहावा'च्या पहिल्या भागावर. बाकी प्रत्येक नाटकाला दोन-दोन भाग मिळाले, याला एकच. फ्रान्समधला बराच मजकूर गेला आणि त्याबरोबर टॅलबट हा इंग्रज सेनापतीही गेला. टॅलबट मरताना बघून दहा हजार प्रेक्षकांनी तरी आसवं गाळली असतील, असं शेक्सपिअरच्या काळातल्याच टॉमस नॅश या लेखकाने 1592मध्येच लिहून ठेवलं आहे. ज्याच्यामुळे नाटक गाजलं तोच गायब! सिंहगडाच्या गोष्टीतून तानाजी वगळावा तसं हे झालं. मालिकेला इंग्लंडमधल्या घरच्या भांडणाकडे पोचायची घाई होती हे कळतं, पण पटत नाही.

'वॉर्स ऑफ द रोझेस'चा उगम टीव्हीत नाही, स्ट्रॅटफर्डच्या रंगमंचावर आहे. रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी पीटर हॉल आणि जॉन बार्टन यांनी 1963मध्ये 'हेन्री सहावा'चे तीन भाग आणि 'तिसरा रिचर्ड' या चार नाटकांची तीन केली: 'हेन्री सहावा', 'एडवर्ड चौथा' आणि 'तिसरा रिचर्ड'. मधल्या नावाचं शेक्सपिअरचं नाटकच नाही. बार्टनने मूळ संहितेला निर्दयपणे कापलं आणि सांधे जुळवायला हजाराहून जास्त ओळी स्वतः लिहिल्या, त्याही शेक्सपिअरच्या घाटात. ऐकताना जोड सहजी कळत नाही. म्हणून यातलं एखादं वाक्य शेक्सपिअरच्या नावावर कुठे द्यायचं असेल, तर आधी मूळ नाटक उघडून बघावं.

हा प्रयोग बीबीसीने स्टुडिओत हलवला नाही. कॅमेरेच नाट्यगृहात नेले. प्रेक्षागृहाच्या बाजूला रंगमंच वाढवला आणि 1964मध्ये आठ आठवडे चित्रीकरण केलं. भरल्या नाट्यगृहातला चालू प्रयोग टिपून घ्यायचा, ज्याची आपल्याला सवय आहे, तो हा प्रकार नाही. लढाईत हातात धरलेला कॅमेरा थेट नटांमध्ये घुसतो. जॉन बरीच्या नेपथ्यात दगडी किल्ल्यांऐवजी पोलादी पत्रा आहे. राजसभा म्हणजे एक भलंमोठं टेबल. त्याभोवतीची माणसं तेवढी बदलत, मरत जातात.

पण हे बघायचं ते पेगी ॲशक्रॉफ्टसाठी. पंचावन्न गाठलेल्या या नटीने रंगमंचावर मार्गारेट उभी केली ती फ्रान्सहून आलेल्या कोवळ्या राजकन्येपासून. मग नवऱ्याऐवजी सैन्य चालवणारी राणी, यॉर्कच्या ड्यूकला त्याच्याच मुलाच्या रक्ताने भिजलेला रुमाल देणारी वैरीण, आणि शेवटी रिचर्डच्या दरबारात शिव्याशाप देत हिंडणारी म्हातारी. मूळ चारही नाटकांत जिवंत वावरणारं हे एकच पात्र आहे, आणि बार्टनच्या जुळणीत तिचा हा प्रवास सलग दिसतो. समोर विशीतला डेव्हिड वॉर्नर, ज्याला मुकुट नकोसाच झाला आहे असा तिचा नवरा, सहावा हेन्री. 1960मधली मेरी मॉरिसची मार्गारेट धारदार आहे, तरी माझं मत ॲशक्रॉफ्टला.

घोळ वाढायला आणखी एक कारण आहे. एप्रिल 1965मध्ये तीन भागांत दाखवलेलं हे काम पुढच्या वर्षी 50 मिनिटांचे 11 तुकडे करून पुन्हा दाखवलं गेलं, म्हणजे तेही मालिकाच वाटू लागलं. झटपट ओळखायचं तर फॉल्स्टाफ किंवा हॉटस्पर ही 'हेन्री चौथा'मधली पात्रं दिसली की 1960. 'वॉर्स'ची सुरुवातच पाचव्या हेन्रीच्या मरणापासून होते. टॅलबट दिसला तर 1965. रिचर्ड इयन होम असेल तरी 1965. पॉल डेनमन असेल तर आधीचं.

शोधताना साल जरूर टाका. मायकेल बोगदानोव्हच्या इंग्लिश शेक्सपिअर कंपनीने 1989मध्ये स्वान्झीला चित्रित केलेल्या सात नाटकांच्या संचाचं नावही 'द वॉर्स ऑफ द रोझेस'च आहे, आणि बीबीसीच्या 'द हॉलो क्राउन'च्या 2016च्या भागांनाही तेच उपशीर्षक आहे. 'हेन्री सहावा' फारशी काटछाट न होता बघायचा असेल, तर ही चारही बाजूला ठेवून बीबीसीचंच 1983चं, जेन हॉवेल यांनी दिग्दर्शित केलेलं रंगीत चित्रीकरण घ्यावं. तिन्ही भागांना मिळून दहाएक तास काढावे लागतील.